रिपोर्ट नॉर्मल, तरी पायलट अनफिट

एरवी कुठल्याही पेशंटला सांगा की एमआरआय नॉर्मल आहे, ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) नॉर्मल आहे, रक्तातही काही नाही, तो हुश्श करतो आणि फाइल काखेत मारून निघतो. पायलटला तेच सांगितलं की त्याचं तोंड उतरतं. कारण त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, की एकदा शुद्ध हरपली आणि ती का हरपली हे सापडलं नाही तर निदान काही वर्षं तरी विमान विसरा. मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, पायलट लोकांच्या फाइली मत द्यायला माझ्याकडे येतात आणि दरवेळी हे सगळं पहिल्यापासून सांगण्यात अर्धा तास जातो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. लांबलंय, आधीच सांगते.

आधी नियम काय म्हणतो ते बघा. आयकाओ म्हणून जी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना आहे, १९४४ च्या शिकागो करारातून आलेली, तिच्या ॲनेक्स १ मध्ये लायसन्सचे आणि मेडिकलचे, म्हणजे तब्येतीच्या सर्टिफिकेटचे, किमान निकष दिलेत आणि देशोदेशीचे नियम त्यावरच बेतलेले असतात. त्यात मेंदू आणि मज्जासंस्थेबद्दल जे आहे ते जेमतेम चार-पाच ओळींचं. मज्जासंस्थेचा असा कुठला आजार नको, वाढत जाणारा असो नाहीतर एका जागी थांबलेला, की ज्याच्यामुळे सुरक्षित काम करण्यात अडथळा येईल. एपिलेप्सी, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, नको. आणि शुद्धीत बिघाड झाल्याचा असा प्रसंग नको ज्याचं समाधानकारक वैद्यकीय कारण मिळालेलं नाही. डोक्याला मार लागला असेल तर त्याचा विचार वेगळा. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, यात अजून एक घातलंय, मज्जासंस्थेवरचा ताबा थोड्या वेळासाठी सुटणं, पुन्हा तेच, कारण न सापडलेलं.

यातला तो तिसरा मुद्दा परत वाचा. त्यात कुठल्या आजाराचं नावच नाहीये. कारण माहीत नाही, हेच अनफिट ठरवायला पुरेसं कारण आहे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरकीत हे उलटं चालतं, वाईट सगळं नाकारून झालं, काही सापडलं नाही, म्हणजे बहुतेक काही नसावं असं म्हणून आम्ही पेशंटला घरी पाठवतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण 'बहुतेक' कितपत चालतं हा प्रश्न कॉकपिटमध्ये फार वेगळ्या पद्धतीने विचारला जातो.

त्यासाठी ज्याला एक टक्क्याचा नियम म्हणतात तो समजून घ्यायला हवा. सगळे देश तो जसाच्या तसा पाळत नाहीत, काहींनी दोन टक्क्यांपर्यंत सैल केलाय, पण विचार करायची पद्धत हीच. १९८० च्या दशकात हा हिशोब मुळात हृदयरोगासाठी मांडला गेला, मेंदूसाठी नव्हे, नंतर सगळ्यांनीच उचलला. एखाद्या पायलटला पुढच्या एका वर्षात अचानक काहीतरी होऊन तो निकामी व्हायची शक्यता एक टक्का आहे असं धरा. वर्षात ८,७६० तास, सोपं म्हणून १० हजार धरू, म्हणजे १० लाख तासांत एकदा. आता दोन पायलटचं विमान असेल तर खरा धोका टेकऑफ आणि लँडिंगच्या आसपासच, तो उड्डाणाचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे झाले १ कोटी तास. आणि अशा वेळीही शेजारचा पायलट शंभरातून नव्याण्णव वेळा विमान सांभाळून घेईल असं धरलंय. झाले १०० कोटी तासांत एकदा. एवढा धोका चालवून घ्यायचा असं ठरलं, आणि म्हणून एक टक्का.

हे गणित डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं. एकट्याने विमान चालवणाऱ्याला तो शेवटचा शंभराचा भागाकार मिळतच नाही. म्हणूनच युरोपात काहींच्या मेडिकलवर असा शेरा असतो की फक्त दुसऱ्या पायलटसोबतच उडवायचं. आणि हेही कळतं की कुठलंही कारण नसताना आयुष्यात पहिल्यांदाच फिट आलेल्या मोठ्या माणसाचं काय होतं. अशा माणसाला पहिल्या दोन वर्षांत परत फिट यायची शक्यता २१ ते ४५ टक्के असते. कुठे एक आणि कुठे एकवीस! मेडिकल बोर्डाशी भांडायला येणाऱ्यांना मी हा आकडा कागदावर लिहून देते, मग आवाज जरा खाली येतो.

आता माझं खरं काम, म्हणजे ते कारण शोधणं. आणि इथे लोकांची मोठी गैरसमजूत अशी की कारण मशीनमध्ये सापडतं. नाही सापडत हो. शुद्ध हरपल्याची गोष्ट ही ज्याने बघितली त्याच्या तोंडून सापडते.

उदाहरण घ्या. (हे एका माणसाचं नाही, अशा बऱ्याच जणांचं मिळून केलंय.) तरुण पायलट, धडधाकट, रक्त द्यायला गेला, दिलं, उठून उभा राहिला आणि कोसळला. हातपाय झटकले. कुणीतरी ओरडलं, फिट आली फिट आली, दुसऱ्या कुणीतरी कांदा शोधला, आणि कॅज्युअल्टीच्या कागदावर ड्युटीवरच्या डॉक्टरने घाईघाईत लिहिलं, 'सीझर', म्हणजे फिट. झालं. हा एक शब्द आता पुढची दहा वर्षं त्या पोराच्या मागे लागणार. कारण साधी भोवळ आणि फिट यात नियमाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बघणाऱ्याच्या दृष्टीने मात्र दोन्हीत माणूस पडतो आणि झटके देतो.

हो, भोवळीतही झटके येतात. हे कितीतरी डॉक्टरांनाही माहीत नसतं. १९९४ साली एक सुंदर जर्मन अभ्यास आला होता, त्यात निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणली, जोरजोरात श्वास घ्यायला लावून आणि मग दम कोंडून जोर करायला लावून, आणि सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग केलं. ४२ जण पूर्ण बेशुद्ध पडले, आणि त्यातल्या ९० टक्के लोकांना झटके आले! सगळा खेळ सरासरी १२ सेकंदांचा. डोळे उघडे, वर फिरलेले, हात वाकडे, कुणी तर काहीतरी दिसल्याचं, ऐकू आल्याचंही सांगितलं. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडलं की तो असं करतो, त्याला एपिलेप्सी म्हणत नाहीत.

म्हणून मी विचारत बसते. उभा होता की बसलेला? पडायच्या आधी काय वाटलं, घाम फुटला का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, आवाज लांबून आल्यासारखे वाटले का? चेहरा पांढराफटक होता की निळसर? झटके पडल्यावर आले की झटक्यांमुळे पडला? किती वेळ? इथे लोक हमखास म्हणतात पाच मिनिटं, मग मी घड्याळ लावून गप्प बसते आणि म्हणते आता सांगा एवढा वेळ का, तर वीस सेकंदांतच 'बस बस एवढाच' म्हणतात. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलला? 'अरे मी पडलो का' असं लगेच म्हणाला, की पंधरा मिनिटं तोच तोच प्रश्न विचारत होता आणि बायकोला ओळखत नव्हता? जीभ चावली का, चावली तर टोकाला की कडेला? कडेला खोल चावलेली जीभ, चढलेला निळसर रंग, मिनिट-दोन मिनिटं चाललेले झटके आणि नंतरचा तो गोंधळ, हे सगळं फिटच्या बाजूला जातं. घाम, अंधारी, पांढरा चेहरा, आडवं पडल्यावर लगेच जाग, हे भोवळीच्या बाजूला.

रक्तदानाच्या त्या पोराचं कारण सापडलं. ते सापडलं म्हणून सुटला असं मात्र लगेच नाही, कारण पुढचा प्रश्न येतो, हे सीटवर बसलेलं असताना होऊ शकतं का? सुई बघून उभ्याने भोवळ आलेला माणूस आणि काही न होता बसल्या जागी मान टाकलेला माणूस, दोघांच्याही कागदावर 'सिंकोपी', म्हणजे भोवळ, हाच शब्द असतो, पण मी दुसऱ्याला आधी हृदयवाल्यांकडे पाठवते, पळत.

यापेक्षा मला भीती वाटते ती न पडणाऱ्यांची. एपिलेप्सीचा एक प्रकार असा आहे की माणूस पडत नाही, ओरडत नाही, नुसता एकटक बघत राहतो, ओठ चाटतो, बोटांनी शर्टाचं बटण चाळवत राहतो, आणि एक-दोन मिनिटांनी परत जागेवर येतो, मधलं काहीच त्याला आठवत नाही. घरचे म्हणतात, हल्ली ह्यांचं लक्षच नसतं. आता असा माणूस ऑटोपायलट लावलेल्या विमानात बसलाय. शेजारच्याला वाटणार विचारात आहे. धाडकन कोसळलेला पायलट निदान दिसतो तरी, पण असा हळूच हरवलेला दिसतच नाही, आणि सिम्युलेटरमधल्या प्रयोगांत हेच लक्षात आल्यावर तो दोनदा विचारायचा नियम आला. म्हणजे ठरलेल्या कॉलला दोनदा उत्तर आलं नाही, किंवा विमान ठरलेल्या मार्गापासून चांगलंच भरकटलंय आणि एकदा सांगूनही उत्तर नाही, तर समोरचा निकामी झालाय असं धरून विमान ताब्यात घ्यायचं, मग तो कितीही सीनियर असो. ज्युनियर माणसाने कॅप्टनच्या हातातून कंट्रोल काढून घेणं हे वाटतं तितकं सोपं नाही, म्हणून ते पाठ करून घ्यावं लागतं.

बाय द वे, पायलट आजारी पडायचं सगळ्यात मोठं कारण काय असेल असं वाटतं? पोट! ऑस्ट्रेलियाच्या एटीएसबीने, म्हणजे तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेने, २०१० ते २०१४ ची प्रकरणं बघितली, वर्षाला सरासरी २३, आणि मोठ्या प्रवासी विमानांत पहिला नंबर जुलाब-उलट्यांचा, त्याखालोखाल जमिनीवरून कुणीतरी डोळ्यांत मारलेला लेझर. मेंदूचे प्रसंग फार कमी. पण पोट बिघडलेला पायलट म्हणतो, माझं पोट बिघडलंय, तू घे. फिट आलेला हे वाक्य म्हणू शकत नाही. आमच्या मेंदूच्या भागाचे नियम एवढे कडक का, याचं उत्तर मला तरी यातच दिसतं.

मग प्रश्न येतो, सगळ्या पायलटांचा ईईजी आणि एमआरआय सुरुवातीलाच का काढून घेत नाही? ऐकायला बरं वाटतं. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये भरतीला आलेल्या १७ ते २५ वयाच्या १३,६५८ निरोगी तरुणांचे ईईजी तपासल्याचा अभ्यास १९९३ साली आला. त्यातल्या ६९ जणांच्या ईईजीत एपिलेप्सीसारख्या स्पष्ट लहरी सापडल्या, म्हणजे साधारण अर्धा टक्का. त्यांच्यातल्या ज्यांचा पुढे पाठपुरावा करता आला, काहींचा तर २९ वर्षांपर्यंत, त्यात एपिलेप्सी झाली फक्त एकाला. बाकीच्यांचं स्वप्न मात्र एका कागदाने मोडलं असतं. आणि उलट बाजूने, एपिलेप्सी असलेल्या माणसाचा पहिला ईईजी नॉर्मल येणं हे आम्ही रोज बघतो. त्यामुळे चांगली हिस्टरी नसताना काढलेला ईईजी हा मला तरी नसता उपद्व्याप वाटतो. एमआरआयचं तेच, कुठेतरी पांढरा ठिपका निघतो, कुठेतरी छोटी गाठ, जी आयुष्यभर गप्प बसली असती, आणि आता तिला उत्तर देता देता वर्ष जातं.

एपिलेप्सीचं निदान पक्कं असेल तर मात्र पळवाट जवळजवळ नाही. युरोपच्या नियमात दोनच खिडक्या उघड्या आहेत, एक म्हणजे वयाच्या पाचव्या वर्षानंतर परत कधीच न आलेली, आणि दुसरी म्हणजे परत न आलेली आणि सगळी औषधं बंद होऊन दहा वर्षांपेक्षा जास्त झालेली. खिडकी म्हणजे उडायला पात्र असं नाही, फक्त पुढे तपासून बघायला हरकत नाही एवढंच. लोक म्हणतात, डॉक्टर पण गोळीने पूर्ण कंट्रोलमध्ये आहे ना, सहा वर्षांत एकदाही नाही. मान्य. पण गोळी चालू आहे म्हणजे गोळीखाली ती प्रवृत्ती आहेच. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा एक मोठा अभ्यास आला, १,०१३ पेशंट, सगळे किमान दोन वर्षं फिटमुक्त. निम्म्यांची औषधं हळूहळू बंद केली, निम्म्यांची चालू ठेवली. दोन वर्षांनी बघितलं तर बंद केलेल्यांत ४१ टक्क्यांना परत फिट आली होती आणि चालू ठेवलेल्यांतही २२ टक्क्यांना आलीच होती. आता तो एक टक्का आठवा. शिवाय झोपमोड, बदलत्या वेळा, रात्रीची उड्डाणं हे फिट यायला नेमकं जे लागतं ते सगळं पायलटच्या ड्युटी रोस्टरमध्येच लिहिलेलं असतं.

डोक्याला मार लागलेल्यांसाठी आकडे जरा दयाळू आहेत. बेशुद्धी किंवा विस्मरण अर्ध्या तासाच्या आतलं आणि कवटीला काही नाही, अशा किरकोळ मारानंतर पाच वर्षांत फिट यायची शक्यता ०.७ टक्के निघाली होती, मध्यम मारानंतर १.२, आणि मेंदूत रक्त साकळलं, मेंदूला जखम झाली किंवा चोवीस तासांच्या वर बेशुद्धी असली तर १० टक्के. १९९८ चा अमेरिकन अभ्यास आहे हा. म्हणून बाइकवरून पडलेल्या दोन पायलटांना वेगवेगळी तारीख मिळते आणि ते एकमेकांना फोन करून म्हणतात, तुला तीन महिन्यांत कसं सोडलं रे? सीटी स्कॅन बघ म्हणावं.

अर्धशिशीचं बोलते, कारण ती सगळ्यात जास्त लपवली जाते. नुसतं डोकं दुखणं हा त्यातला लहान भाग. खरा प्रश्न ऑराचा. नजरेच्या मध्याजवळ एक चमकता ठिपका येतो, त्याची हळूहळू नागमोडी, करवतीच्या दातांसारखी कडा होते, ती वीसेक मिनिटं बाहेर बाहेर सरकत जाते आणि मागे एक आंधळा पट्टा सोडते. डोकं अजून दुखायलाही लागलेलं नसतं. रनवेवर २७ लिहिलंय आणि तुम्हाला फक्त २ दिसतोय, मान हलवली तर ७ दिसतो पण २ जातो. उंचीचा आकडा वाचताना मधलाच अंक गायब. अप्रोचवर असताना ही वीस मिनिटं म्हणजे पूर्ण लँडिंग. त्यामुळे मी विचारते वर्षातून किती वेळा, कधी, आधी काही चाहूल लागते का, नेमक्या कशाने सुरू होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तेव्हा वाचता येतं का. ज्याला वर्षातून एकदा, ठरलेल्या कारणाने, चाहूल देऊन नुसतं डोकं दुखतं त्याला बहुतेक वेळा मार्ग निघतो. ज्याला बिनसूचना ऑरा येतो त्याचं कठीण.

आणि गोळ्या. ट्रिप्टान, म्हणजे अर्धशिशी उठल्यावर घ्यायची गोळी, घेतली की त्यानंतर ठराविक तास उडायचं नसतं, तेवढं ठीक. रोज घ्यायच्या गोळ्यांत खरी गोची आहे, टोपिरामेट घेतलेला माणूस बोलता बोलता शब्द शोधत राहतो, अमिट्रिप्टिलिनने सकाळी झोप उतरत नाही. डोकं दुखायचं थांबतं पण विमानही थांबतं. चक्करच्या गोळ्यांचंही हेच, औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊ नका हो, त्यातल्या बऱ्याच झोप आणणाऱ्या असतात. त्यातून कानातले खडे हलल्याची ती गिरकी असेल तर तिला गोळी लागतच नाही, मान आणि डोकं ठरलेल्या पद्धतीने फिरवून ती टेबलावर पाच मिनिटांत बसवता येते.

कानावरून आठवलं. अनफिट झालं म्हणजे सगळं संपलं असं समजणाऱ्यांना मी तीन जुन्या, पुढे अंतराळवीर झालेल्या टेस्ट पायलटांची नावं सांगते. ॲलन शेपर्ड, १९६१ साली अवकाशात गेलेला पहिला अमेरिकन, त्याला नंतर मेनिएर्स म्हणून आतल्या कानाचा आजार झाला, अचानक गरगरायचं, उलट्या, कान वाजायचा. ग्राउंड केलं, म्हणजे उड्डाण बंद. वर्षानुवर्षं तो इतर अंतराळवीरांची ऑफिसातली कामं बघत राहिला, मग कानाचं ऑपरेशन करून घेतलं, १९६९ मध्ये परत उडायला पात्र ठरला आणि १९७१ साली अपोलो १४ मधून चंद्रावर चालून आला. मायकेल कॉलिन्सचे १९६८ मध्ये पाय नीट चालेनात, हँडबॉल खेळताना गुडघा दगा द्यायचा, मानेत मज्जारज्जूवर दाब निघाला. ऑपरेशन झालं, अपोलो ८ ची जागा गेली, ती जिम लॉवेलला मिळाली, आणि बरा होऊन कॉलिन्स गेला कुठे तर अपोलो ११ मध्ये. तिसरा जॉन ग्लेन, १९६४ साली बाथरूममध्ये घसरून डोकं आपटलं, आतल्या कानाला इजा, इतकी चक्कर की सिनेटची निवडणूक सोडावी लागली. तोच माणूस १९९८ मध्ये ७७ व्या वर्षी परत अवकाशात गेला. तिघांच्याही बाबतीत एक गोष्ट सारखी होती, काय बिघडलंय याला नाव होतं आणि ते नीट झालंय की नाही हे मोजता येत होतं.

बाकी आजारांचं थोडक्यात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होण्याचा आजार, त्याला सरसकट नियम लावणं अवघड, एकाला पंधरा वर्षांत एकदाच डोळ्याला त्रास झालेला असतो आणि दुसऱ्याला दुपारनंतर दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवता येत नाहीत, हा दुसरा प्रकार एमआरआयमध्ये कमी आणि सिम्युलेटरमध्ये जास्त दिसतो. पार्किन्सन्समध्ये हाताच्या कंपापेक्षा मला काळजी मंदावलेल्या हालचालीची आणि काही औषधांनी अचानक येणाऱ्या झोपेची. पक्षाघात झाला किंवा त्याचा नुसता तात्पुरता झटका येऊन तासाभरात सगळं पूर्ववत झालं तरी थांबावं लागतंच, आणि तिथेही पहिला प्रश्न तोच, गुठळी आली कुठून? ते सापडलं, ती वाट बंद केली, तर बोलता येतं.

आता लपवाछपवीबद्दल. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ३,७६५ पायलटांचा एक सर्व्हे प्रसिद्ध झाला. त्यातल्या ५६.१ टक्क्यांनी कबूल केलं की मेडिकल जाईल या भीतीने आपण कधी ना कधी डॉक्टरकडे जायचं टाळलंय किंवा काहीतरी दडवलंय. निम्म्याहून जास्त! मला त्यांचा राग येत नाही, खरंच येत नाही. ज्याच्या शिक्षणाचं कर्ज फिटायचंय आणि ज्याला दुसरं कुठलं कामच येत नाही त्याला खरं बोल म्हणून सांगणं सोपं असतं. जिथे ग्राउंड झालेल्याला जमिनीवरचं काम मिळतं, पगार एकदम बंद होत नाही, तिथे लोक लवकर येतात, हे कंपन्यांना कुणीतरी सांगायला हवं. पण माझ्या बाजूने यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. भोवळ आली त्याच दिवशी आलात तर बघणारे चार जण असतात, कपाळावर टेंगूळ असतं, कुणाच्यातरी मोबाइलमध्ये व्हिडिओ असतो, आणि बऱ्याचदा कारण सापडतं. दीड वर्षं दडवून मग ते बाहेर आलं की काहीच उरलेलं नसतं. साधी भोवळ होती हे मलाही दिसत असतं, पण दिसणं आणि कागदावर लिहिता येणं यात फरक आहे. मग मलाच लिहावं लागतं, 'कारण निश्चित नाही'. आणि या तीन शब्दांचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

तर पायलट असाल आणि असं काही झालं तर त्याच संध्याकाळी बघणाऱ्या प्रत्येकाकडून वेगवेगळं लिहून घ्या, एकत्र बसवून नको, एकत्र बसले की सगळ्यांची एकच गोष्ट होते. व्हिडिओ असेल तर कापू नका, शेवटचा शुद्धीवर येतानाचा भागच मला हवा असतो. आधीच्या रात्री किती झोपलात, काय प्यायलात, कुठली गोळी घेतलीत ते लिहा. कॅज्युअल्टीच्या कागदावर कुणी 'सीझर' लिहीत असेल तर वाद घालू नका, फक्त काय दिसलं तेही लिहा अशी विनंती करा.

शेवटी, सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न पालकांचा असतो, मुलाला लहानपणी तापात फिट आली होती, पायलट होता येईल का? पाचच्या आत, तापात, एकदा किंवा दोनदा, थोडक्यात आटोपलेली आणि नंतर कधीच नाही, असं असेल तर बहुतेक ठिकाणी तेवढ्यावरून दार बंद होत नाही. पण फॉर्मवर लिहा. आणि त्या वेळची बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी, किती ताप होता, किती मिनिटं चाललं, औषध चालू केलं होतं का, हे असलेला तो पिवळा पडलेला कागद घर आवरताना रद्दीत घालू नका, वीस वर्षांनी माझ्यासारखं कुणीतरी तोच मागणार आहे.